राणीने खोडलेले दोन शब्द

बँकेच्या नोकरीत माझी अर्धीअधिक हयात सह्या पाहण्यात गेली. आमच्या काळी चेकवर खाडाखोड असली, तर त्या जागी खातेदाराची पूर्ण सही लागे. ती नसली की चेक परत. कागदावर शब्द कोणी लिहिले याला जेवढे महत्त्व, तेवढेच ते कोणी खोडले यालाही असते. ही सवय अशी अंगी मुरली, की पुढे कादंबऱ्यांसाठी जुनी दप्तरे चाळू लागलो तेव्हाही माझी नजर मजकुराआधी खाडाखोडीकडेच जाई. इंग्लंडच्या इतिहासातली अशी एक खाडाखोड माझ्या मनात घर करून बसली आहे. ती आहे १५३३ सालच्या जुलै महिन्यातली, आणि करणारी होती एक आजारी, सत्तेचाळीस वर्षांची बाई.

आठव्या हेन्रीने तिच्याशी झालेले आपले चोवीस वर्षांचे लग्न मुळात लग्नच नव्हते असे ठरवून घेतले होते आणि अ‍ॅन बुलीनला राणी केले होते. हा निकाल सांगायला लॉर्ड माउंटजॉय आणि इतर सरदार अ‍ॅम्पटहिलच्या वाड्यात आले. माउंटजॉय एरवी तिच्याच पदरचा कारभारी. पायात टाचणी टोचलेली, खोकल्याने बेजार झालेली ती बाई साध्या बिछान्यावर पडून होती. आता आपण राणी नाही, ‘प्रिन्सेस डावेजर’ आहात, म्हणजे दिवंगत युवराजाची विधवा आहात, असे तिला बजावण्यात आले. तिने ते साफ नाकारले. दुसऱ्या दिवशी या भेटीचा लेखी अहवाल राजाकडे जायचा होता. तिने तो पाहायला मागितला, दौत-लेखणी मागवली, आणि जिथे जिथे ते दोन शब्द दिसले, तिथे तिथे त्यांवर स्वतःच्या हाताने काट मारली. अहवाल तसाच राजाकडे गेला.

ही कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉन. आठव्या हेन्रीच्या सहा बायकांपैकी पहिली, एवढीच तिची ओळख बहुतेकांना असते. अ‍ॅन बुलीनचे नाटक रंगायचे, तर आधी कोणीतरी रंगमंचावरून उतरायला हवे. ते काम इतिहासाने तिच्याकडे दिले आहे असे आपण समजतो.

तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले ते आमच्या वाचनगटामुळे. महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जण कोणाच्या तरी घरी जमतो, सर्वांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो आणि चहा-पोहे झाले की पांगतो. यावेळी पुस्तक होते फिलिपा ग्रेगरी यांची ‘द कॉन्स्टंट प्रिन्सेस’ ही २००५ सालची इंग्रजी कादंबरी. नायिका कॅथरिन. आर्थर हा हेन्रीचा थोरला भाऊ आणि कॅथरिनचा पहिला नवरा. पती-पत्नी म्हणून आपला त्याच्याशी संबंध कधी आलाच नाही, असे ती जन्मभर सांगत राहिली. कादंबरीकार बाईंनी हे खोटे ठरवले आहे. त्यांच्या कथेत आर्थर-कॅथरिनचे एकमेकांवर जीवापाड प्रेम आहे, आणि मरणाच्या दारातला आर्थर तिच्याकडून वचन घेतो, की तिने आपल्या भावाशी लग्न करावे, राणी व्हावे आणि त्यासाठी हे खोटे जन्मभर बोलावे.

झाले! दोन तास आम्ही त्या एका प्रश्नावर भांडलो. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या एक सदस्य संतापल्या होत्या. ज्या बाईने आपल्या शब्दासाठी सर्वस्व गमावले, तिला मेल्यावर पाचशे वर्षांनी खोटारडी ठरवण्याचा अधिकार कोणाला, असे त्यांचे म्हणणे. एका सदस्याच्या सूनबाईंना मात्र हीच कॅथरिन आवडली. संत म्हणून पूजण्यापेक्षा, मुलगी हुशार होती, तिने डाव टाकला आणि तो शेवटपर्यंत खेळली, असे म्हणण्यात तिचा अपमान कसला, असे त्यांनी विचारले. फौजदारी वकिली केलेले आमचे एक स्नेही शांतपणे म्हणाले, की दोघांपैकी एक साक्षीदार मेलेला आहे आणि दुसऱ्याचा स्वार्थ गुंतलेला आहे, तेव्हा संशयाचा फायदा द्यावा आणि चहा मागवावा.

मी त्या दिवशी फारसे बोललो नाही. कादंबरीकाराला कल्पनेची मुभा नाकारणे मला शक्य नाही. माझाच धंदा बसेल. पण घरी आल्यावर वाटत राहिले, की आपण चुकीच्या रात्रीवर भांडलो. म्हणून तिचे आयुष्य कागदपत्रांच्या आधाराने पुन्हा एकदा लावून पाहिले.

तिचा जन्म १६ डिसेंबर १४८५ चा, स्पेनमधल्या अल्काला दे एनारेस गावचा. घरचे नाव कातालिना. आई कॅस्टिलची राणी इझाबेला, वडील अ‍ॅरागॉनचे राजे फर्डिनंड. आई नुसती नावाची राणी नव्हती. मोहिमा आखणारी, लष्कराच्या छावणीत राहणारी होती. १४९२ च्या जानेवारीत ग्रॅनडा पडले तेव्हा कातालिना सहा वर्षांची होती, आणि पुढे अल्हंब्राच्या त्या कारंज्यांच्या महालात ती वाढली. ग्रॅनडाचे डाळिंब तिने आपले चिन्ह म्हणून आयुष्यभर मिरवले. चार मुलींतली ही धाकटी. मधली बहीण मारिया पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाला दिलेली होती. ज्या १५१० सालात आफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकले, त्या साली पोर्तुगालच्या गादीवर राणी होती ती हीच मारिया. तो विजय २५ नोव्हेंबरचा, सेंट कॅथरिनच्या सणाचा, म्हणून जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल त्या संतिणीच्या नावाने आहे. आमच्या राणीचा त्याच्याशी संबंध नाही, नाव तेवढे एक. पण त्या घरातल्या मुली कुठे कुठे दिल्या होत्या आणि त्या सोयरिकींच्या सावल्या कुठवर पोचल्या होत्या, हे पाहून गंमत वाटते.

कातालिना तीन वर्षांची असतानाच, १४८९ मध्ये, तिची सोयरीक इंग्लंडच्या युवराज आर्थरशी ठरली. तो तेव्हा दोन वर्षांचा! १५०१ च्या उन्हाळ्यात तिची पाठवणी झाली. बिस्केच्या उपसागरातल्या वादळाने जहाजे एकदा परत फिरवली. २ ऑक्टोबरला ती प्लिमथला उतरली. स्पेनच्या रीतीप्रमाणे लग्नाआधी मुलीचा चेहरा सासरच्यांनी पाहायचा नव्हता. पण सासरे सातवे हेन्री पक्के व्यवहारी. माल पाहिल्याशिवाय पावती कशी द्यायची! डॉग्मर्सफील्ड येथे ते घोड्यावरून येऊन थडकले आणि बुरखा दूर झाल्यावरच त्यांचे समाधान झाले. मुलगा-मुलगी लॅटिनमध्ये बोलू पाहत होते. पण दोघांचे उच्चार इतके वेगळे, की एकमेकांना काही कळेना.

१४ नोव्हेंबरला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये लग्न लागले. वधू सोळा पुरी व्हायची होती, वर पंधरा वर्षांचा. वधूला हाताशी धरून नेणारा दहा वर्षांचा गुटगुटीत दीर होता हेन्री. जोडपे वेल्सच्या सीमेवरच्या लुडलो किल्ल्यात राहायला गेले. तिथे दोघे आजारी पडले आणि २ एप्रिल १५०२ रोजी आर्थर वारला. संसार साडेचार महिन्यांचा.

आता इथून जे सुरू झाले, ते आपल्याकडच्या कोणत्याही घराला समजेल. हुंडा ठरला होता दोन लाख क्राउन. निम्मा दिला होता, निम्मा बाकी होता, आणि त्या बाकीचा काही भाग सोन्याचांदीची भांडी आणि दागिने यांच्या रूपाने द्यायचा होता. ती भांडी, ते दागिने कॅथरिनबरोबरच इंग्लंडला आलेले होते. जावई गेल्यावर फर्डिनंड म्हणू लागले, दिलेले एक लाख परत करा, आमची मुलगी परत करा. हेन्री म्हणू लागले, आधी बाकीचे एक लाख द्या. विधवा म्हणून तिला युवराजाच्या उत्पन्नातला तिसरा हिस्सा मिळायचा होता. तो देण्याची सासऱ्यांची तयारी नव्हती. धाकट्या मुलाशी तिचे लग्न लावायचे १५०३ मध्ये ठरले, म्हणजे हुंडा हातचा जायला नको. दोन व्याही, दोघेही राजे, आणि दोघेही चिंगूस.

आणि मध्ये ही मुलगी, लंडनच्या डरहॅम हाउसमध्ये, स्पेनहून आलेल्या बायाबापड्यांचा लवाजमा पोसत. १५०४ मध्ये आई गेली, तसा तिचा बाजारभाव आणखी उतरला. वडिलांना पाठवलेल्या पत्रांतून तिची दैना दिसते: नोकरांचे पगार थकलेले, कपडे विरलेले, कर्ज झालेले. शेवटी ती ती भांडी विकू लागली, गहाण टाकू लागली. यातली मेख बँकेतल्या माणसाला चटकन कळते. ती भांडी तिच्या घरात होती, पण तिची नव्हती; ती हुंड्याच्या बाकीपोटी राखलेली होती. विकलेली प्रत्येक थाळी म्हणजे वडिलांच्या देण्यात वाढ आणि सासऱ्यांच्या हाती नवे निमित्त. तारण मोडून ती जेवत होती. मला तिच्या साऱ्या आयुष्यात हीच सहा-सात वर्षे सर्वांत महत्त्वाची वाटतात. हट्ट धरून बसणे म्हणजे काय, हे ती डरहॅम हाउसमध्ये शिकली.

१५०५ मध्ये, चौदावा वाढदिवस एका दिवसावर असताना, छोट्या हेन्रीने वडिलांच्या सांगण्यावरून गुपचूप एक कागद करून ठेवला, की वहिनीशी ठरलेली ही सोयरीक आपल्याला मान्य नाही. सासऱ्यांनी दोन्ही दरवाजे उघडे ठेवले होते. १५०७ मध्ये फर्डिनंडने मुलीलाच इंग्लंडमधली आपली राजदूत नेमले. युरोपातली पहिली स्त्री राजदूत म्हणून तिचे नाव घेतले जाते. सांकेतिक लिपीत पत्रे लिहायला ती स्वतः शिकली. एकविसाव्या वर्षी अंगावर धड कपडे नाहीत, आणि हातात दोन राज्यांचा पत्रव्यवहार!

१५०९ च्या एप्रिलमध्ये सासरे वारले आणि फासे पालटले. नवा राजा अठराव्या वर्षात होता, उंच, देखणा, आणि त्याने लागलीच तिच्याशी लग्न केले. ११ जून १५०९. चोवीस जूनला दोघांचा राज्याभिषेक झाला.

भावाच्या विधवेशी लग्न करायचे, तर पोपची परवानगी लागे. ती पोप दुसरे ज्युलियस यांनी आधीच, १५०३ ही तारीख घालून, दिली होती. त्या परवान्यात आर्थर आणि कॅथरिन यांचे मीलन ‘कदाचित’ झाले असेल, असा शब्द आहे. कायद्याच्या कागदात असा ‘कदाचित’ कोणी उगीच घालत नाही. तो दोन्ही शक्यता झाकतो. पुढे त्याच एका शब्दावर इंग्लंड आणि रोम यांच्यात लाखो शब्द खर्ची पडले.

या परवान्यासाठी रोममध्ये खटपट चालू असताना, १५०३ च्या उन्हाळ्यातच, फर्डिनंडने तिथल्या आपल्या वकिलाला लिहिले होते, की मुलगी कुमारिकाच आहे. पण पुढे कोणी खुसपट काढू नये म्हणून परवाना दुहेरी घ्यावा. म्हणजे कॅथरिनचे म्हणणे चाळिशी उलटल्यावर, गादी वाचवण्यासाठी रचलेले नव्हते. तंट्याच्या चोवीस वर्षे आधीच्या कागदात ते नोंदलेले आहे. उलट बाजूलाही पुरावा आहेच. तिचाच एक धर्मगुरू त्या वेळी वेगळे बोलला आणि त्याला स्पेनला परत जावे लागले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आर्थरने मित्रांपुढे फुशारकी मारल्याच्या आठवणी काही सरदारांनी शपथेवर सांगितल्या. पण त्या सत्तावीस वर्षांनी, राजाला त्या हव्या होत्या तेव्हा. मला विचाराल, तर माझे पारडे कॅथरिनकडे झुकते. यापलीकडे त्या खोलीत डोकावण्याचा कोणालाच मार्ग नाही, आणि कादंबरीकाराने तिथे दिवा लावला तर तो त्याचा दिवा.

राणी म्हणून ती कशी होती हे मात्र अंधारात नाही. १५१३ मध्ये हेन्री फ्रान्सवर स्वारीला गेला तेव्हा राज्य तिच्या हाती सोपवून गेला. स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सने संधी साधून चढाई केली. तिने फौजा पाठवल्या, स्वतः उत्तरेकडे निघाली, आणि ९ सप्टेंबरला फ्लॉडनच्या लढाईत जेम्स मारला गेला. त्याचा रक्ताळलेला अंगरखा तिने विजयाची खूण म्हणून नवऱ्याला फ्रान्सला पाठवला. जेम्स हा हेन्रीच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, म्हणजे हिच्या नणंदेचे कुंकू. तिला सोशिक, डोळ्यांत पाणी आणून जपमाळ ओढणारी बाई म्हणून रंगवणाऱ्यांनी हा अंगरखा विसरू नये. ती इझाबेलाची मुलगी होती.

मुलांचे दुःख थोडक्यात सांगतो. १५१० ते १५१८ या काळात साधारणपणे सहा बाळंतपणे मोजली जातात. १५११ च्या नववर्षदिनी मुलगा झाला, देशभर आनंदोत्सव झाला, आणि बावन्नाव्या दिवशी पाळणा रिकामा झाला. जगली ती एकच, १८ फेब्रुवारी १५१६ रोजी जन्मलेली मेरी. तिच्या शिक्षणासाठी कॅथरिनने हुआन लुइस विवेस या स्पॅनिश विद्वानाकडून स्त्रीशिक्षणावर ग्रंथ लिहवून घेतला. तिच्या दृष्टीने मुलगी राज्य करू शकते यात शंका घेण्याजोगे काही नव्हतेच. तिने स्वतःच्या आईला ते करताना पाहिले होते. हेन्रीने असे कोणाला पाहिले नव्हते. त्याला मुलगा हवा होता.

१५२७ च्या जूनमध्ये त्याने तिला सांगितले, की भावाची बायको केल्याचे पाप आपल्याला टोचते आहे, आणि आपले लग्न झालेलेच नाही. अ‍ॅन बुलीन तोवर त्याच्या मनात भरली होतीच. नेमके त्याच महिन्यात रोमचे पोप सातवे क्लेमेंट कॅथरिनचा भाचा सम्राट पाचवा चार्ल्स याच्या फौजांच्या कैदेत होते. ते हेन्रीला नाही म्हणू शकत नव्हते आणि हो तर मुळीच म्हणू शकत नव्हते. त्यांनी सरकारी कचेऱ्यांतला जुना उपाय केला: फाइल फिरत ठेवली.

आता मी ज्या घटनेपाशी आमच्या वाचनगटाला न्यायला हवे होते, ती ही. १५२८ च्या ऑक्टोबरमध्ये पोपचे दूत कार्डिनल कँपेज्जो, संधिवाताने कण्हत, लंडनला आले आणि त्यांनी कॅथरिनपुढे एक तोडगा ठेवला. तिने मठात जावे. राणीचा मान राखला जाईल, संपत्ती राहील, आणि मुख्य म्हणजे मेरीचा वारसाहक्क सांभाळता येईल. फ्रान्सच्या बाराव्या लुईच्या पहिल्या राणीचे, जानचे, उदाहरण ताजे होते. १४९८ मध्ये तिचे लग्न रद्द झाल्यावर ती धर्मकार्याला लागली आणि सन्मानाने जगली. कॅथरिन स्वतः अत्यंत धर्मनिष्ठ. मठातले जीवन तिला जड गेले नसते. तिने कँपेज्जोंकडे पापनिवेदन केले, आर्थरबरोबर आपण सातापेक्षा जास्त रात्री एका शय्येवर नव्हतो आणि त्याच्यापासून जशी होते तशीच राहिले असे सांगितले, आणि हे निवेदन गुप्त ठेवू नये, जगाला सांगावे, अशी मोकळीकही दिली. पण मठ? नाही. देवाने तिला लग्नाच्या आश्रमात बोलावले होते आणि त्यातच ती मरणार होती.

बँकेत आम्ही याला तडजोड म्हणायचो. मुद्दल सांभाळून व्याजावर पाणी सोडायचे. कोणताही शहाणा सल्लागार तिला सही कर म्हणाला असता. तिने सही केली असती, तर हेन्रीला रोमशी नाते तोडायचे कारण उरले असते का, याचा वाद इतिहासकार आजही घालतात. तिची बाजू मला समजते. सही केली की चोवीस वर्षे नव्हे, पण तोवरची एकोणीस वर्षे ती राजाची ठेवलेली बाई होती असे निघाले असते, आणि मुलीच्या हक्काची हमी कोणाची, तर ज्याने आधीचा शब्द मोडला त्याचीच. तरी इथे एक आई होती आणि एक राणी होती, आणि त्या दिवशी उत्तर राणीने दिले, असे माझे मत आहे.

२१ जून १५२९ रोजी ब्लॅकफ्रायर्सच्या मठात न्यायालय भरले. राजा आणि राणी आरोपी-फिर्यादीसारखे हजर, ही इंग्लंडने न पाहिलेली गोष्ट. तिचे नाव पुकारले गेले. ती न्यायाधीशांकडे गेलीच नाही. भरल्या सभेतून वाट काढत राजापाशी गेली आणि गुडघे टेकून, अजूनही परक्या वळणाच्या इंग्रजीत, फक्त त्याच्याशी बोलली. आपण परदेशातून आलेली, इथे कोणी नसलेली बाई आहोत. वीस वर्षे त्याच्या मनाप्रमाणे वागलो. आणि तो प्रथम जवळ आला तेव्हा आपण कुमारिका होतो की नाही, हे त्याच्या सदसद्विवेकावर सोडतो, असा तिच्या बोलण्याचा आशय. हेन्री गप्प राहिला. ती उठली, मुजरा केला आणि चालू लागली. तिला परत या म्हणून पुकारण्यात आले. ती थांबली नाही. ते न्यायालय पुन्हा तिला कधी दिसले नाही, आणि महिन्याभरात खटला निकालाविना रोमला गेला.

१५३१ च्या जुलैत हेन्री विंडसरहून शिकारीला निघून गेला, तो तिचा निरोप न घेता. त्यानंतर दोघांची भेट नाही. त्याच वर्षी मेरीही दुरावली. कॅथरिनला एका आडगावातून दुसऱ्या आडगावात हलवण्यात येऊ लागले, दर वेळी नोकर कमी, वाडा जास्त ओलसर. दागिने मागून घेतले. राजाचा लेखी हुकूम आल्याशिवाय तिने दिले नाहीत. हुकूम आला तेव्हा दिले. स्पेनहून आणलेले बारशाचे भरजरी वस्त्र अ‍ॅनच्या बाळासाठी मागितले, ते मात्र दिले नाही. १५३३ च्या डिसेंबरात बकडेनला ड्यूक ऑफ सफक तिला जबरदस्तीने हलवायला आला, तेव्हा ती खोलीला आतून कुलूप घालून बसली. न्यायचे असेल तर दार फोडा, असा तिचा निरोप. बाहेर गावकरी कोयते-विळे घेऊन मुकाट जमू लागले. ड्यूक हात हलवत परत गेला.

रोमचा निकाल लागला तो २३ मार्च १५३४ रोजी. लग्न वैध! सात वर्षे चाललेला दावा ती जिंकली. पण तोवर अ‍ॅनची मुलगी एलिझाबेथ सहा महिन्यांची होती आणि इंग्लंडमध्ये पोपचा कागद चालेनासा झाला होता. वटायची बँकच बुडाल्यावर आलेला चेक तो.

शेवटचे दीड वर्ष किंबोल्टनच्या गढीत गेले. मेरी आजारी होती, तेव्हा तिला आपल्याजवळ पाठवावे, आपण स्वतःच्या हातांनी तिची शुश्रूषा करू, अशी विनंती तिने केली. ती फेटाळली गेली. १५३५ मध्ये टॉमस मोर आणि बिशप फिशर यांची डोकी उडाली. फिशर ब्लॅकफ्रायर्सच्या न्यायालयात तिच्या बाजूने उभे राहिले होते.

१५३६ च्या पहिल्या दिवशी तिची स्पेनपासूनची सखी मारिया दे सालिनास परवान्याशिवाय, थंडीत घोडा दामटत किंबोल्टनला पोचली आणि आत शिरली. दुसऱ्या दिवशी सम्राटाचे राजदूत शापुई आले. त्यांच्याजवळ कॅथरिनने एक शंका बोलून दाखवली. या देशात जी पाखंडे माजली, जी भली माणसे गेली, ती आपल्या या प्रकरणापायी तर नाही ना? शापुईंनी तिची समजूत घातली आणि तिला बरे वाटले, असे त्यांनी सम्राटाला कळवले आहे. दोन तास आम्ही ज्या रात्रीविषयी भांडलो, तिच्याबद्दल मरणाच्या दारात कॅथरिनला शंका नव्हती. शंका होती ती या दुसऱ्याच गोष्टीची. कादंबरीकार म्हणून मला लिहावीशी वाटते ती ही शेवटची बैठक: थंड गढी, उशाशी बसलेला राजदूत, आणि हा प्रश्न विचारताना बाईच्या चेहऱ्यावर काय होते ते.

७ जानेवारी १५३६ रोजी दुपारी ती गेली. वय पन्नास. मरताना तिने हेन्रीला लिहिल्याचे म्हणून एक फार हृदयद्रावक पत्र सगळीकडे छापले जाते. अनेक जाणकारांना ते नंतर कोणीतरी रचलेले वाटते. २९ जानेवारीला पीटरबरोच्या मठात तिचे दफन झाले, तेही ‘प्रिन्सेस डावेजर’ म्हणून. काट मारायला आता हात नव्हता. मेरीला अंत्यविधीला जाऊ दिले नाही. त्याच दिवशी अ‍ॅनचा गर्भपात झाल्याचे सांगतात; १९ मे रोजी अ‍ॅनचेही डोके उडाले.

मग मेरीपुढे कागद आला. आईबापाचे लग्न अवैध होते, आपण अनौरस आहोत आणि बाप हाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आहे, हे तिने लिहून द्यायचे होते. वीस वर्षांची मुलगी, आई नाही, नकार दिला तर मृत्युदंडाची धास्ती. जे शापुई आईच्या उशाशी बसले होते, त्यांनीच तिला सही करण्याचा सल्ला दिला. १५३६ च्या जूनमध्ये, आईला जाऊन सहा महिने होण्याच्या आतच, मेरीने सही केली. कागद न वाचताच केली, असे शापुई लिहितात. न वाचता केलेल्या सह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच आळसाच्या असतात. काही मात्र अशा असतात, की वाचले तर हात चालणार नाही हे माणसाला ठाऊक असते.

१५५३ मध्ये तीच मेरी राणी झाली. पहिल्याच पार्लमेंटकडून तिने आईचे लग्न वैध असल्याचा कायदा करून घेतला. पोपची सत्ता परत आणली, आणि पाच वर्षांच्या राजवटीत सुमारे दोनशे ऐंशी प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळले. कॅथरिनने शापुईंना विचारलेल्या शंकेचे उत्तर लिहायचे, तर ही माणसेही त्या जमाखर्चात धरावी लागतील. कोणत्या बाजूला, यावर आमचा वाचनगट आणखी दोन तास भांडू शकेल.

१५५८ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात मेरीने लिहून ठेवले होते, की आईचा देह पीटरबरोहून आणून आपल्या शेजारी ठेवावा. ते कोणी केले नाही. मेरी आज वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये अ‍ॅन बुलीनच्या मुलीबरोबर, एलिझाबेथबरोबर, एकाच थडग्यात आहे. कॅथरिन पीटरबरोलाच राहिली. तिथल्या तिच्या कबरीवर आता मोठ्या सोनेरी अक्षरांत तिचे नाव आहे आणि त्यापुढे इंग्लंडची राणी असे लिहिले आहे. लोक तिथे डाळिंबे आणून ठेवतात.